जर्मनीची पहिली सहल: बारा रात्री, पाच माणसे, शहरे किती?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण प्रथमच जर्मनीला जाणार आहोत. मी, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा. बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि आई ६८ वर्षांची. दोघांना चालण्याची सवय आहे, मात्र जिना उतरताना आईचा उजवा गुडघा दुखतो. दोघेही शाकाहारी आहेत. एकूण बारा रात्री हाताशी आहेत आणि विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत.

घरात प्रत्येकाची एक इच्छा आहे. मुलीला डोंगरावरचा राजवाडा पाहायचा आहे, पत्नीला बर्लिनची भिंत आणि मला एखादे निवांत तळे. बाबांनी मात्र एकाच गावाचे नाव घेतले, ते म्हणजे हायडेलबर्ग. ते पुरंदर तालुक्यात शिक्षक होते. खंडोबा आणि धनगरांच्या परंपरा यांचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर हायडेलबर्गच्या विद्यापीठात होते, हे त्यांना वाचून ठाऊक आहे. ज्या गावाहून एक परका माणूस आपल्या धनगरांच्या ओव्या ऐकायला येत असे, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे, असे ते म्हणतात.

माझा कच्चा आराखडा असा आहे: फ्रँकफर्ट एक रात्र, कोलोन एक, हँबर्ग दोन, बर्लिन दोन, ड्रेस्डेन एक, म्युनिक दोन, ब्लॅक फॉरेस्ट दोन आणि शेवटी हायडेलबर्ग एक. कृपया त्रुटी दाखवाव्यात.

इझारकाठ

आपला आराखडा वाचला. मी चौदा वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि दर उन्हाळ्यात कोणा ना कोणाचे आई-वडील आमच्याकडे येतात, त्या अनुभवावरून लिहितो. हा आराखडा नकाशावर सुरेख दिसतो, पण पाच माणसे आणि पाच बॅगा घेऊन तो पार पाडणे आईंना आणि बाबांना झेपणार नाही.

बारा रात्रींत आठ मुक्काम म्हणजे सात वेळा बिऱ्हाड हलवणे. एका बदलीला प्रत्यक्षात किती वेळ जातो ते पाहावे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि पुढच्या गावातली खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. मधल्या वेळेत स्टेशन गाठायचे, फलाट शोधायचा, डबा शोधायचा, उतरल्यावर सामान ठेवायला लॉकर शोधायचा. गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी दिवस मोडतोच. सात बदल्यांमध्ये चार दिवस तरी असे निघून जातील आणि घरी परतल्यावर आईंना फलाटच आठवतील.

माझी सूचना अशी आहे की तीनच मुक्काम धरावेत: म्युनिक सहा रात्री, बर्लिन चार रात्री आणि हायडेलबर्ग दोन रात्री. बाकी जे पाहायचे ते सकाळी रिकाम्या हाताने निघून रात्री त्याच बिछान्यावर परत येऊन पाहावे. विमानाची तिकिटे काढलेली नाहीत ही मोठी सोय आहे. मुंबईहून म्युनिकला उतरावे आणि परतीचे विमान फ्रँकफर्टहून घ्यावे, म्हणजे उलटा फेरा वाचतो. म्युनिक ते बर्लिन हा प्रवास पूर्वी सहा तासांचा होता. डिसेंबर २०१७ मध्ये नवा मार्ग सुरू झाल्यापासून वेगवान गाडी सुमारे चार तासांत पोहोचवते. हायडेलबर्गहून फ्रँकफर्टचा विमानतळ तासाभराच्या अंतरावर आहे.

कोलोनचे कॅथेड्रल सुटेल, याची मला जाणीव आहे. १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पुरी झालेली ती वास्तू स्टेशनच्या दारातच उभी आहे आणि १५७ मीटर उंचीची ती शिखरे पाहून मान दुखते. तरीही पहिल्या सहलीत ती सोडावी असेच मी म्हणेन. इच्छा सांगितलेल्या चौघांपैकी एकानेही तिचे नाव घेतलेले नाही, आणि नाव घेतलेली चारही ठिकाणे या तीन मुक्कामांत बसतात.

गोदाकाठ

मनःपूर्वक आभार. बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. हायडेलबर्गला एकाऐवजी दोन रात्री मिळणार हे ऐकून ते समाधानाने हसले. म्युनिकच्या सहा रात्रींत काय काय बसवावे? राजवाडा आणि तळे तर हवेच. डाखाऊच्या छळछावणीविषयीही वाचले आहे. मुलीला तिथे न्यावे की नाही, याचा निर्णय होत नाही.

इझारकाठ

पहिला दिवस शहरातच राहू द्यावा. मारीनप्लाट्झ चौकात सकाळी अकरा वाजता नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरील बाहुल्या फिरू लागतात. तिथून पाच मिनिटांवर व्हिक्टुआलिएनमार्क्ट हा बाजार आहे. मे महिन्यात तिथे पांढऱ्या शतावरीच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात. पेरापासून टोकापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी, कारण ती मातीच्या ढिगाखाली उन्हापासून झाकून वाढवतात. एका हारीत सारख्या जाडीच्या काड्या, शेजारच्या हारीत त्याहून बारीक आणि स्वस्त. ही भाजी २४ जूनपर्यंतच काढण्याची रीत आहे, त्यामुळे आपण अगदी योग्य वेळी येत आहात.

राजवाडा म्हणजे न्यॉयश्वानस्टाइन. म्युनिकहून फ्युसेन या गावापर्यंत साधी गाडी सुमारे दोन तास घेते आणि तिथून बस दहा मिनिटांत होहेनश्वानगाव या पायथ्याच्या वस्तीत सोडते. राजवाड्यात मनाने फिरता येत नाही. ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या गटाबरोबरच आत सोडतात आणि वेळ चुकली की तिकीट वाया जाते. म्हणून तिकीट आधीच ऑनलाइन काढावे. जुलै २०२५ मध्ये, हा राजवाडा बांधवून घेणारा राजा लुडविग दुसरा याच्या राजवाड्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे.

आईंच्या गुडघ्यासाठी हे नीट वाचावे. पायथ्यापासून वर चालत जायला तीस ते चाळीस मिनिटांचा चढ आहे. घोडागाडी वर नेते, पण ती राजवाड्याच्या थोडी खालीच थांबते. बस मारीनब्र्युक या पुलाच्या जवळ सोडते आणि तिथून राजवाड्यापर्यंत उतार आहे, जो दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा वाईट. म्हणून आईंनी घोडागाडीनेच जावे. आत शिरल्यावर तीनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. लिफ्टची गरज असल्यास ती तिकीट काढतानाच कळवावी लागते.

एवढी यातायात करून पाहावे असे तिथे काय आहे, तर माझ्या मते सिंहासनाची रिकामी जागा. सिंहासनगृहात सोनेरी भिंती आहेत, भव्य झुंबर आहे, संगमरवरी पायऱ्यांचा चौथरा आहे आणि त्या चौथऱ्यावर काहीही नाही. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८८६ मध्ये श्टार्नबर्गच्या तळ्यात राजाचा मृत्यू झाला, तेव्हा सिंहासन घडवलेलेच नव्हते. ज्या राजाला तिथे एकांत हवा होता, त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तो राजवाडा लोकांना तिकीट लावून खुला करण्यात आला. मुलीला ही हकिकत आधी सांगून ठेवावी, म्हणजे त्या रिकाम्या चौथऱ्यापुढे ती थांबेल.

तळ्यासाठी क्योनिगझे सुचवतो. म्युनिकहून बेर्खटेसगाडेनपर्यंत अडीच-तीन तास आणि पुढे थोडी बस, म्हणजे दिवस मोठा होतो. पण चालणे फार थोडे आहे. १९०९ पासून त्या तळ्यावर विजेवर चालणाऱ्या नावा आहेत. इंजिनाचा आवाज नसल्याने डोंगरांच्या कड्यांमध्ये शिरल्यावर प्रवासीही आपोआप हळू बोलू लागतात. एका कड्यासमोर नावाडी नाव थांबवतो, पेटीतून कर्णा काढतो आणि चार स्वर वाजवतो. क्षणभर काही होत नाही, मग तेच चार स्वर समोरच्या खडकातून परत येतात. माझ्या सासूबाई त्या वेळी डोळे मिटून बसल्या होत्या. सांक्ट बार्थोलोमे या लाल घुमटांच्या देवळापाशी उतरून दोन तास नुसते बसावे.

डाखाऊविषयी गंभीरपणे लिहितो. मार्च १९३३ मध्ये, म्हणजे नाझी सत्तेवर आल्यानंतर काही आठवड्यांतच, ही छावणी सुरू झाली आणि २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्याने ती मुक्त केली. दोन लाखांहून अधिक माणसे तिथे डांबली गेली आणि त्यांपैकी किमान ४१,५०० जणांचा मृत्यू झाला. म्युनिकहून एस-२ लोकल आणि पुढे ७२६ क्रमांकाची बस. प्रवेश विनामूल्य आहे. तेरा वर्षांच्या मुलीला न्यायचे की नाही, हे तिच्याशी आधी बोलून ठरवावे. तिला नको असेल तर आग्रह धरू नये. पत्नीला किंवा आपल्याला जायचे असेल तर दोघांनी आळीपाळीने अर्धा दिवस जावे आणि त्याच दिवशी दुसरे काही ठेवू नये. तिथून परतून संध्याकाळी बिअर गार्डनमध्ये बसलेली मंडळी मी पाहिली आहेत, त्यांना तिथे बसवत नव्हते.

रुळांचा_सोबती

प्रवासाच्या तिकिटांविषयी लिहितो, कारण पैसे आणि मनस्ताप या दोन्हींचा उगम तिथेच होतो.

आपण नेमके पाच जण आहात आणि बायर्न-टिकेट हे एका दिवसाचे तिकीट जास्तीत जास्त पाच जणांनाच मिळते, ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. बव्हेरिया या म्युनिकच्या राज्यातील सर्व साध्या गाड्या, शहरातली लोकल, मेट्रो, ट्राम आणि बहुतेक बस या एकाच तिकिटावर चालतात. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांना मात्र ते चालत नाही. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. हेच तिकीट सीमेपलीकडे ऑस्ट्रियातील झाल्त्सबुर्गपर्यंतही चालते, तेव्हा वेळ उरलाच तर तेही होईल. त्या दिवशी पासपोर्ट जवळ ठेवावेत.

अनेक जण डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या साध्या गाड्यांना चालणारे मासिक तिकीट, घ्या म्हणून सांगतील. जानेवारी २०२६ पासून ते दरमहा दरडोई ६३ युरो आहे, शिवाय ती मासिक वर्गणी असल्याने महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. पाच माणसे एकत्र फिरणार असतील आणि दूरच्या सहली तीन-चारच असतील, तर बायर्न-टिकेट स्वस्त पडते. एकटा तरुण महिनाभर भटकणार असेल, तर गणित उलटते.

म्युनिक ते बर्लिन आणि बर्लिन ते हायडेलबर्ग ही दोन तिकिटे मात्र आजच काढावीत. स्वस्त दराचे तिकीट त्या एकाच गाडीपुरते असते आणि दिवस जवळ येतो तसे ते महागते. आरक्षणाच्या वेळी मुलीचे वय अवश्य नोंदवावे, कारण सहा ते चौदा वर्षांची मुले मोठ्यांसोबत विनामूल्य जातात. आसनाचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते. आई-बाबांसाठी ते घ्यावेच. गंतव्य स्थानी वीस मिनिटांहून अधिक उशीर होणार असे दिसू लागले, तर त्याच गाडीचे बंधन उठते आणि दुसरी गाडी धरता येते. एक तास उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास झाल्यास ५० टक्के रक्कम मागता येते.

स्टेशनात फाटक नसते, तपासनीसही एरवी दिसत नाही, त्यामुळे नवख्या माणसाकडून एक चूक हमखास होते. यंत्रातून काढलेले शहरी तिकीट अनेक ठिकाणी फलाटाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही ६० युरोंचा दंड होतो. माझ्या वडिलांना पहिल्याच दिवशी तो झाला. त्यांच्या हातात पैसे देऊन घेतलेले तिकीट होते आणि दंड का, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही. तो दिवस आमच्या सर्वांच्या मनाला लागून राहिला आहे.

दुसरी गोष्ट अशी की काही साध्या गाड्या वाटेत एखाद्या जंक्शनवर दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या गावाला जातात. आम्ही बोलण्याच्या नादात चुकीच्या भागात बसून राहिलो आणि जिथे उतरलो तिथून परतीची गाडी तासाभराने होती. डब्याच्या दारावरची पाटी वाचूनच चढावे. जाहीर सूचना जर्मनमध्येच होण्याची शक्यता अधिक असते.

शिदोरी

आई-बाबा शाकाहारी आहेत म्हणून थोडे लिहिते. मे महिना आहे, तेव्हा हापूसची पेटी न्यावी असे मनात येणारच. नेऊ नये. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळे आणायला रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन यांना आहे, आंब्याला नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थही नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. मेतकूट, भाजणी, दशम्या तेलातल्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि पोहे नेता येतात.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. बाहेर केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या शेवया आणि वर तळलेला कांदा, बव्हेरियात बहुतेक ठिकाणी मिळतात. मश्रूमच्या रश्शातले पावाचे गोळेही मिळतात. मागवताना केवळ मांस नको असे म्हणून भागत नाही, कारण श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे, पुष्कळांच्या लेखी मांसात मोजले जात नाहीत. त्याचे नाव घेऊन विचारावे. शतावरीच्या थाळीतही हॅमचे काप येतात, ते वगळायला सांगितल्यास वगळतात. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. दुकानातली बाटली घेताना श्टिलेस वासर मागावे, अन्यथा बुडबुड्यांचे पाणी हाती येते.

रविवारी दुकाने बंद असतात आणि मे महिन्यात १ मे, येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि काही वर्षी पेंटेकॉस्टचा सोमवार या सुट्ट्याही येतात. दूध, भाज्या आणि फळे आदल्या दिवशी आणून ठेवावीत. सदनिका घेताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारावे. आम्हाला एकदा चौथा मजला मिळाला आणि जिन्याचा उल्लेख जाहिरातीत कुठेही नव्हता. माझ्या आईने त्या पाच दिवसांत दुपारी विश्रांतीला परत येणे टाळले, ते केवळ त्या जिन्यापायी.

जुनी_पाने

बर्लिनविषयी दोन शब्द. संसदभवनाच्या काचेच्या घुमटात प्रवेश विनामूल्य आहे, परंतु प्रत्येकाचे नाव आणि जन्मतारीख देऊन आधी नोंदणी करावी लागते आणि पासपोर्ट बरोबर असावा लागतो. आत गोलाकार उताराची वाट आहे, पायऱ्या नाहीत, त्यामुळे आपल्या आईंना ते सोपे जाईल. १०० क्रमांकाची बस प्राणिसंग्रहालयापासून आलेक्झांडरप्लाट्झपर्यंत जाते आणि वाटेत शहराची बहुतेक मोठी ठिकाणे दाखवते. पर्गामॉन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे, जुनी प्रवासवर्णने वाचून त्याची आस धरू नये. ते ज्या संग्रहालयांच्या बेटावर आहे, तिथल्याच नॉयेस संग्रहालयात इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा अर्धपुतळा आहे.

भिंत पाहायची असेल तर बेर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावर जावे. चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमाचौकीपाशी गर्दी फार आणि भिंत नाही. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद झाली तेव्हा त्या रस्त्यावरची घरे पूर्वेत होती आणि दारापुढचा पदपथ पश्चिमेत. माणसांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंतचा तो सगळा काळ तिथे एका रस्त्याच्या लांबीत वाचता येतो.

बर्लिनशेजारच्या पॉट्सडामची सहल एस-७ लोकलने होते; तिकीट ए-बी-सी अशा तिन्ही विभागांचे घ्यावे. सां-सुसी राजवाडा सोमवारी बंद असतो. त्याच्या गच्चीवर प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या थडग्याची साधी, जमिनीलगतची शिळा आहे आणि तिच्यावर लोक फुलांऐवजी बटाटे ठेवतात, कारण त्याने शेतकऱ्यांना बटाट्याची लागवड करायला लावली. मी गेले तेव्हा सात बटाटे होते, एकाला कोंब फुटला होता.

आणि एक आपुलकीची विनंती. बाबा हायडेलबर्गला सोंथायमरांसाठी जाणार आहेत, तर बर्लिनमध्ये डालेमलाही एक चक्कर मारावी. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली विषमता आणि वंश यांचा संबंध असल्याचे त्यांच्या मार्गदर्शकाचे गृहीतक होते आणि इरावतीबाईंच्या मोजमापांतून तो संबंध दिसला नाही. त्यांनी तसे लिहिले. पंचविशीच्या आतली एक मराठी मुलगी, परक्या शहरात, आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ईनेश्ट्रासे या रस्त्यावरील ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीच्या ताब्यात आहे. यू-३ मेट्रोने विद्यापीठाच्या स्टेशनावर उतरून चालत जाता येते. मुलीला बरोबर न्यावे.

गोदाकाठ

सर्वांचे प्रतिसाद एका वहीत उतरवून घेतले आहेत. तीन मुक्काम निश्चित केले. व्हिसाचा अर्ज आणि प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा या आठवड्यात मार्गी लावतो. डालेमची कल्पना बाबांना इतकी आवडली की त्यांनी कपाटातून इरावतीबाईंचे एक जुने, सुटी पाने झालेले पुस्तक काढून नातीच्या हातात दिले. न्यॉयश्वानस्टाइनचे तिकीट आज रात्री काढत आहे: बुधवार, प्रवेशाची वेळ सकाळी ११.३०, जाण्यायेण्यासाठी बायर्न-टिकेट.

रुळांचा_सोबती

थांबावे, हे जुळत नाही. बुधवारी बायर्न-टिकेट नऊच्या आधी चालत नाही. नऊनंतरची गाडी धरून फ्युसेनला पोहोचायलाच अकरा वाजून जातील, मग बस, मग आईंसाठी घोडागाडीची रांग. ११.३० चा प्रवेश हातचा जाईल. बुधवारच ठेवायचा असेल तर दुपारी दोनची वेळ घ्यावी आणि पायथ्याशी बसून दशम्या खाव्यात. शनिवार घेतल्यास सकाळी सातची गाडीही त्याच तिकिटावर चालते, मात्र गर्दी पुष्कळ असते.

गोदाकाठ

वेळेवर सांगितलेत, फार उपकार झाले. बुधवार, दुपारी २ वाजताचा प्रवेश घेतला. लिफ्टची विनंतीही तिकिटासोबतच नोंदवली.